हळद, बेसन आणि बोटॉक्स

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा 'अलास्काचं प्रवासवर्णन देते' असं सांगून मी मोकळी झाले होते. फोटोसुद्धा निवडून ठेवले होते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे घडलं त्यानंतर अलास्काला अजून एक वर्ष बर्फातच राहू द्यावं असं ठरवलं. विषय जरा वेगळा आहे. पुरुष मंडळींना पान उलटावंसं वाटेल, पण उलटू नये. का ते पुढे कळेल.

गेली कित्येक वर्षं आपल्या मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत, उन्हाळ्यातल्या पिकनिकला मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय लावतेस गं चेहऱ्याला?" माझं उत्तरही ठरलेलं होतं. "काही नाही गं. हळद, बेसन आणि थोडी साय. आणि पाणी भरपूर पिते." हे ऐकून समोरचीला बरं वाटायचं. आजी सांगायची ते सगळं खरंच होतं तर! मंडळी, हे उत्तर खोटं होतं. हळद-बेसन मी वर्षातून एकदा लावते, नरकचतुर्दशीला, आणि तेही भारतातून आणलेलं उटणं संपलं असेल तरच.

खरी गोष्ट माझ्या कपाळापासून सुरू होते. माझे वडील साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा होत्या, खडूने 11 आकडा काढावा तशा. बाबा वर्गात शिरले की ती आठी बघूनच पोरं गप्प बसत. माणूस खरं तर लोण्यासारखा मऊ. चाळिशी उलटल्यावर तीच आठी माझ्या कपाळावर उमटली. मी इथे न्यू जर्सीत पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर मायक्रोस्कोप नाहीतर कॉम्प्युटर, आणि बारीक बघताना भुवया आक्रसायची सवय. लॅबमध्ये सगळे विचारायचे, काही बिनसलंय का? मंडळाच्या मीटिंगमध्ये खजिनदार हिशेब वाचता वाचता मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "वहिनींना काहीतरी पटलेलं दिसत नाही." मला सगळं पटलेलं असायचं!

इथवर ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा त्याने कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध मला वाचायला दिला. आजोबांवर लिहिला होता. मला तो इतका आवडला की शेवटची ओळ मी दोनदा वाचली. वर बघितलं तर हा उठून गेलेला. रात्री म्हणाला, "तुझ्या तोंडावरूनच कळलं की आवडला नाही." मी परोपरीने सांगितलं, पण त्याने तो निबंध पाठवला नाही, दुसराच लिहिला. त्या रात्री मी आरशासमोर बराच वेळ उभी होते.

बोटॉक्स हे नाव मला नवीन नव्हतं. उलट जरा जास्तच ओळखीचं होतं. पुण्याला एम.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकताना 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जंतूवर पंधरा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. हवा नसेल तिथे वाढणारा जंतू. नीट न उकळलेल्या डबाबंद अन्नात तो विष सोडतो. फुगलेला डबा उघडायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, ते याच्याच भीतीने. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. जर्मनीत सॉसेज खाऊन लोक दगावत, त्याचा अभ्यास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी 1820 च्या सुमारास केला होता. हे विष मज्जातंतूच्या टोकापाशी अॅसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे 'आकस' हा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. श्वासाचे स्नायू आकसले नाहीत तर माणूस जातो. हा झाला रोग. मात्र नॅनोग्रॅमच्या हिशेबात नेमक्या एका छोट्या स्नायूत घातलं तर तोच गुण औषध होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अॅलन स्कॉट यांनी ते डोळ्यांच्या तिरळेपणासाठी वापरलं आणि 1989 मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांचा शोध तर योगायोगाने लागला. व्हँकूव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स पापण्या सतत फडफडण्याच्या विकारावर ही इंजेक्शनं देत असत. एक पेशंट बाई मुद्दाम भुवयांच्या मधे टोचून मागायला लागल्या, कारण तिथे टोचलं की चेहरा शांत दिसतो म्हणे! डॉक्टरीणबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1992 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि 2002 मध्ये अमेरिकेत या आठीसाठी बोटॉक्सला रीतसर परवानगी मिळाली.

म्हणजे ज्या विषावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहायची तेच कपाळात टोचून घ्यायला मी 2016 च्या ऑक्टोबरमध्ये निघाले. नवऱ्याला सांगितलं दाताची अपॉइंटमेंट आहे. वेटिंग रूममध्ये समोर मासिकात तोंड खुपसून कोण बसलं असावं? आपल्याच मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही पाहिलं नाही असं ठरवलं. (पुरुष मंडळींनो, म्हणून पान उलटू नका म्हटलं.)

डॉक्टरीणबाई शांत होत्या. मी कागदावर प्रश्नच लिहून नेले होते, बाबांची मुलगी ना! पहिला अर्थातच दुखतं का हा. मुंगी चावल्याइतकं, त्या म्हणाल्या, आणि ते खरं निघालं. आठीसाठी पाच टोचे असतात, प्रत्येकी चार युनिट, एकूण वीस. मधला टोचा जवळजवळ कुंकवाच्या जागी, आणि घरी जाताना मी त्यावर टिकलीच लावली. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. चेहरा पुतळ्यासारखा होईल का, तर जास्त दिलं तर होतो, म्हणून पहिल्या वेळी कमीच घ्यावं. बंद केलं तर दुप्पट सुरकुत्या येतात का? या प्रश्नावर त्या हसल्या. तुमच्या होत्या तेवढ्याच परत येतात, तुम्ही मात्र त्या विसरलेल्या असता. गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना घ्यायचं नाही. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचं, कारण काळंनिळं होतं; पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्या दिवशी चोळायचं नाही आणि चार तास आडवं व्हायचं नाही. माझी अपॉइंटमेंट आधी नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळची होती. पहाटे अभ्यंगाचं तेल कपाळाला चोळायचं की नाही हे मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ तारीख बदलून दिली.

पैसे? माझ्या वेळी युनिटला 14 डॉलर, म्हणजे 280. इन्शुरन्स एक सेंटही देत नाही. हेच औषध जुनाट मायग्रेनसाठी घेतलं, ज्याला 2010 पासून मान्यता आहे, तर इन्शुरन्सवाले विचार तरी करतात.

पण सगळ्यात जास्त वेळ डॉक्टरीणबाईंनी घालवला तो मी न विचारलेल्या गोष्टीवर. माझ्या गालांवर वांगाचे डाग होते आणि मी त्यांना विचारलं होतं की लेसरने जातील का. त्या म्हणाल्या, इथेच तुमचे लोक फसतात. त्वचा उन्हाला काय उत्तर देते त्यावरून डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये प्रकार पाडले, आता ते सहा मोजतात. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. गोऱ्या कातडीला इजा झाली तर ती लाल होते आणि ओसरते. आपली काळी पडते आणि महिनोन्महिने तशीच राहते. त्यामुळे सुईपेक्षा आपल्याला भीती आहे ती चुकीच्या लेसरची आणि जोरकस केमिकल पीलची. काही यंत्रांचा प्रकाश रंगद्रव्यच शोषून घेतं, मग डागाबरोबर आसपासचंही भाजून निघतं. खोल जाणारा, 1064 नॅनोमीटरचा लेसर आपल्याला त्यातल्या त्यात सुरक्षित, पण वांगाला तोही जपूनच. तेव्हा कुठल्याही क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न किमतीचा नको, 'माझ्यासारख्या रंगाच्या किती जणांवर हे केलंत?' हा असावा. मला त्यांनी लेसर दिलाच नाही. रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे तर साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो. सावळ्यांना सनस्क्रीन कशाला, असं म्हणणाऱ्यांत मीही होते.

मग मी पर्समधून जाऊबाईंनी पुण्याहून पाठवलेली ट्यूब काढली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. औषध वाईट नाही, त्या म्हणाल्या, पण काही आठवड्यांपुरतं आणि डॉक्टरच्या नजरेखाली. तुम्ही किती दिवस लावताय? मी म्हटलं, दोन वर्षं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. (त्या स्वतः बोटॉक्स घेत नसाव्यात.) असं वर्षानुवर्षं लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात आणि बंद केलं की आग आग होते. भारतात 2018 मध्ये सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती केली, तरी भारतवारीहून येणाऱ्या बॅगांमध्ये त्या ट्यूबा मी अजून बघते.

दहाव्या दिवशी आठी गेली. नवऱ्याला तीन महिने काही कळलं नाही. एकदा जेवताना म्हणाला, "हल्ली तू चिडत नाहीस. थायरॉइड बघून घेतलंस का?" आईने मात्र साताऱ्याहून स्काइपवर पहिल्याच मिनिटाला विचारलं, "अगं, तुझी आठी कुठे गेली?" आईशी खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मग म्हणाली, "परत येते का ती?" म्हटलं, येते, तीन-चार महिन्यांनी. "मग असू दे," म्हणाली.

आईला खरं सांगितलं आणि मैत्रिणीला नाही. आता तिच्याबद्दल लिहायचं आहे. तिने हे वाचलं आहे. तिची अट अशी की नाव नको आणि कुठल्या बाजूला ते लिहू नकोस.

आमची मैत्री तेव्हा वीस वर्षांची. मुलं एकमेकांच्या घरी जेवून मोठी झाली. 2019 मध्ये तिच्या मुलीचं लग्न ठरलं. एका रात्री तिचा फोन आला. "आता खरं सांग, काय करतेस? तुझ्या हळद-बेसनाने माझं नुसतं सिंक तुंबलं." मी हसले आणि म्हटलं, "अगं, आमच्या घराण्यातच आहे ते." आठी घराण्यातली होती, आठी नसणं नव्हे. का नाही सांगितलं? लाज वाटली. मंडळात पाठीमागे काय बोलतात ते मला माहीत होतं, कारण दुसऱ्या एका बाईंबद्दल मीही ते बोलले होते.

तिने मग दुसरीकडून वाट काढली. कोणाच्या तरी घरी शनिवारी दुपारी आठ-दहा जणी जमणार, चहा-सामोसे, आणि एक बाई येऊन स्वस्तात टोचून देणार. 'नर्स आहे' असं सगळ्याजणी एकमेकींना सांगत होत्या. परवाना कुणी विचारला नाही. राज्याच्या साइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं, पण सामोसे खाताना कोण बघतं? कुपी आधीच पातळ करून आणलेली. कपाळात टोचलं आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते तिच्यात 'थोडं फिलर' भरलं.

फिलर म्हणजे बोटॉक्स नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. बोटॉक्स स्नायू सैल करतं. फिलर खड्डा भरतं. चांगलं फिलर बहुतेक वेळा हायलुरॉनिक अॅसिडचं असतं, जे आपल्या कातडीतही असतं आणि पाणी धरून ठेवतं. अमेरिकेत पहिलं 2003 मध्ये आलं. त्याची मोठी सोय अशी की चुकलं तर एक एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. मोठा धोका असा की ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढची कातडी मरू शकते, क्वचित डोळाही जाऊ शकतो. टोचल्यावर भाग पांढराफटक पडला, जाळीदार निळसर झाला, फार दुखायला लागला किंवा दिसायला कमी आलं तर सकाळची वाट बघायची नसते, त्याच क्षणी इमर्जन्सी गाठायची.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "माझा डोळा उघडत नाहीये." मी गाडी काढली. एका डोळ्याची पापणी अर्ध्यावर आली होती. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं होतं. मी तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, उतरेल, पण काही आठवडे लागतील, यावर उतारा नाही. मिलीमीटर-दोन मिलीमीटर पापणी उचलणारे थेंब तेवढे देते. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होतोय का, हे त्यांनी तीन वेळा विचारलं. तसं झालं असतं तर थेट हॉस्पिटल. लग्न अकरा दिवसांवर होतं.

परतीच्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी पहिल्यांदाच इथे आले असते ना?" मी गाडी चालवत राहिले.

लग्न थाटात झालं. फोटोग्राफरला सांगून तिचे सगळे फोटो एका बाजूने काढले. पाठवणीचा एक फोटो मात्र समोरून आहे. त्यात ती रडते आहे की तिचा डोळा मिटला आहे हे कळत नाही. तो तिने अल्बममधून काढून टाकला. मुलीने तो परत लावला.

पापणी आठव्या आठवड्यात वर आली. घडीतली गाठ राहिली. दोनदा एन्झाइम टोचून पाहिलं, ती विरघळली नाही, म्हणजे आत भरलेलं ते हायलुरॉनिक अॅसिड नव्हतंच. काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. त्या बाईचा फोन बंद झाला होता. तक्रार करायची तर नवऱ्याला सांगावं लागलं असतं, आणि त्याला तिने डोळ्याला इन्फेक्शन झालंय असं सांगितलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ती मंडळात आली नाही. लोकांना वाटलं मुलगी गेल्यामुळे उदास आहे. मी हो म्हणत राहिले. आणखी एक खोटं.

2024 च्या एप्रिलमध्ये एफडीएने बनावट बोटॉक्सबद्दल इशारा दिला. घरांत, पार्लरमध्ये टोचून घेतलेल्या बायका हॉस्पिटलात दाखल झाल्या होत्या. काही खोट्या खोक्यांवर 150 युनिट असं छापलेलं होतं. खरी कंपनी त्या मापाची कुपी बनवतच नाही. ती बातमी तिनेच मला पाठवली. खाली काहीही लिहिलं नव्हतं. मी गाडी काढून तिच्या घरी गेले आणि पाच वर्षांपूर्वी गाडीत जे बोलायला हवं होतं ते तिच्या स्वयंपाकघरात बोलले. तिने तोवर नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तो म्हणाला होता, "मला माहीत होतं." चहा झाला. काही एका दिवसात पूर्वीसारखं होत नाही, पण ती गणपतीला मोदक वळायला आली.

माझं म्हणाल तर 2020 मध्ये सगळी क्लिनिकं बंद झाली आणि मे महिन्यापर्यंत बाबांची आठी परत आली, तेवढीच, दुप्पट नाही. वर्षभर मी ती तशीच ठेवली. मास्कमुळे चेहऱ्याचा तेवढाच भाग दिसायचा, त्यामुळे लॅबमधल्या नव्या मुलांना मी फारच कडक वाटले! 2021 पासून वर्षातून एक-दोनदा पुन्हा घेते. फिलर घेत नाही. ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं, त्यांना नावं ठेवायचा अधिकार निदान मला तरी उरलेला नाही. मुलगा आता मोठा झाला. मधे त्याला त्या निबंधाबद्दल विचारलं तर त्याला आठवतही नव्हता.

आता संक्रांत. या जानेवारीत हळदीकुंकू आमच्याकडे होतं. पन्नासेक बायका, दारात बुटांचा ढीग, तिळगूळ. नव्याने आलेल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?" तोंडात 'हळद' आलंच होतं. समोर माझी मैत्रीण वाण वाटत उभी होती. मी म्हटलं, "बोटॉक्स. वीस युनिट, आता सोळा डॉलरला एक. वांगासाठी सनस्क्रीन. आणि डॉक्टरचा परवाना बघून."

टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली. कोणीतरी घाईघाईने विषय तिळाच्या वड्यांवर नेला. पण निघताना, बूट शोधायच्या निमित्ताने, एकेक करून पाच जणी माझ्याजवळ येऊन थांबल्या. एकीला फोन नंबर हवा होता. एकीच्या टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला होता; तिला सांगितलं, टिकलीच्या गोंदाने असं होऊ शकतं, आधी टिकली बंद कर आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. एकीने नुसताच विचारलं, "दुखतं का हो?"

मी सांगत होते तेवढ्यात आतून, कप विसळता विसळता, मैत्रिणीचा आवाज आला, "अगं, त्यांना हळद-बेसनाचं प्रमाण पण सांग! सिंकमध्ये टाकू नका म्हणावं!"